घाटघर ते भिंगार, दोघे एका सायकलवर

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी दुकानात वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे 'हार्दीक' दुरुस्त करत बसलो होतो. गिऱ्हाईक म्हणत होते, राहू दे रे, कोण वाचतंय. तेवढ्यात काचेतून रेबेकाताई येताना दिसल्या. एकट्याच, पांढरी काठी घेऊन. भिंगारच्या बाजारात या वेळी भाजीच्या गाड्या पार रस्त्यात आलेल्या असतात. मी दारात जाऊन ओरडलो, "ताई, डाव्या हाताला टोमॅटोचे क्रेट आहेत. पुढे पायरी आहे, तिचा उजवा कोपरा फुटलाय. पायरीखाली कुत्रं झोपलंय, त्याची शेपटी वाटेत आहे."

त्या थांबल्या. "कुठल्या रंगाचं कुत्रं?"

"तांबूस. कानाला जखम आहे."

"चावकं दिसतंय का?"

"सांगता येत नाही ताई, झोपलंय ना."

त्या हसल्या आणि शेपटी चुकवून आत आल्या. गिऱ्हाईकही हसले. माझी ही सवय आहे. आई म्हणते, तुला स्टेशनवर माईकसमोर बसवायला पाहिजे होतं.

रेबेकाताई आमच्याच लाईनीत, चार घरे सोडून राहतात. शाळेत खेळाच्या शिक्षिका. मुलींची सायकल टीम त्यांनी अकरा वर्षे चालवली. तीन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण दृष्टी गेली ती गेलीच. शाळेने नोकरी ठेवली, पण बसवले ग्रंथालयात, आणि मुलींची टीम यंदा बंदच करून टाकली. मागच्या आठवड्यात ताईंनी टीम परत मागितली, तेव्हा संस्थेचे सचिव सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "बाई, आधी तुम्ही रस्त्यावर येऊन दाखवा, मग मुली देतो."

"कुठल्या रस्त्यावर?" ताईंनी विचारले.

सचिवांनी थट्टेत सांगितले, "ती सायकल मंडळाची घाटघरची राइड असते ना, ती करा."

ताई म्हणाल्या, "करते."

ती राइड मला माहीत आहे. पत्रके आमच्याच दुकानात छापतात. घाटघरच्या कोकणकड्यापासून भिंगारच्या मैदानापर्यंत, जमेल तिथे डांबर टाळून डोंगरातल्या कच्च्या वाटांनी, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तानंतर आलेला बाद. ताई मागे बसणार आणि पुढे कोणीतरी डोळस, अशी दोघांची सायकल त्या बनवून घेत आहेत.

"तुला सायकल येते ना, इमू?"

"येते, पण मी हळू चालवतो."

"किती हळू?"

"ट्रक दिसला की उतरतो."

"चालेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी आधी तिघांच्या मागे स्कूटरवर बसून पाहिले होते, असे आईकडून कळले. त्यांचे मोठे भाऊ अब्राहामदादा, छावणीतले एक हवालदार आणि दुसऱ्या एका शाळेचे सर. तिघेही माझ्यापेक्षा दसपट धीट. त्यांना सोडून मला का विचारले, हे कळत नाही. त्यांना वेळ नसावा.


रविवार, १२ ऑक्टोबर

चर्चनंतर ताई, अब्राहामदादा आणि मी सुप्याला नृसिंहकाकांच्या शेडवर गेलो. काका कारखान्यांचे वेल्डिंगचे काम करतात. त्यांनी दोन जुन्या गिअरच्या सायकली कापून एक लांब सायकल केली आहे. गिअर आणि दोन्ही ब्रेक माझ्याकडे. मागचे हॅण्डल नुसते धरायला, ते वळत नाही. दोघांचे पेडल एका साखळीने जोडले आहेत. मी थांबलो की ताईंचे पायही थांबतात.

काका म्हणाले, "लई लांब झाली बघा. म्हशीवानी वळंल. पन जोड तुटायचा न्हाई, ते माझ्याकडं लागलं."

मी सगळे जोड हात लावून पाहिले. एका ठिकाणी रंगाखाली रेघ दिसली.

"ती भेग न्हाई, वरखडा हाय," काका म्हणाले.

मी पुन्हा विचारले. त्यांनी कुरकुर न करता ग्राइंडर लावून रंग काढून दाखवला. वरखडाच होता. तोपर्यंत अब्राहामदादा बाहेर जाऊन चहा सांगून आले होते. ताई मात्र इतका वेळ शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.


शनिवार, १८ ऑक्टोबर

मैदानावर पहिला सराव. तीनदा पडलो, तिन्ही वेळा निघतानाच. चौथ्यांदा ताई म्हणाल्या, "तू काय करतोयस ते करायच्या आधी बोल." मग मी 'डावा पाय वर, आता दाब' असे बोलून पेडल मारले आणि सायकल निघाली.

दोन फेऱ्यांनंतर थांबलो, तर ताईंच्या दोन्ही तळहातांवर हॅण्डलचे खोल वळ उठलेले होते. बोटे सरळ करायलाच त्यांना वेळ लागला. जुन्या सायकलीची ग्रिप कडक झाली असणार. उद्या नवी, मऊ आणतो.


रविवार, ९ नोव्हेंबर

मध्ये लिहिले नाही. रोज पहाटे सराव, मग दुकान, रोज तेच.

आज चांदबिबीच्या महालाचा चढ पहिल्यांदाच न उतरता चढलो. मी शेवटच्या वळणावर 'आता होत नाही' म्हणालो होतो. ताई मागून म्हणाल्या, "होत नाही हे तुझे पाय म्हणतायत का तू?" मी पायांकडे लक्ष दिले. ते चालू होते. माझ्या जोरावर कमी आणि ताईंच्या जोरावर जास्त, पण चालू होते.

वर पोचल्यावर त्यांनी विचारले, "काय दिसतंय?"

मी सांगितले की कठडा दोन ठिकाणी तुटलेला आहे, डावीकडच्या पायऱ्यांवर काच आहे आणि माकडे पिशवीवर लक्ष ठेवून आहेत.

"आणि नगर?"

"ते पण दिसतंय. सगळंच दिसतंय."

त्या बराच वेळ नगरच्या दिशेला तोंड करून बसल्या. मी पिशवी धरून बसलो.

बारावीच्या पहिल्या पेपरला केंद्राच्या दारातून परत आलो, त्यानंतर मी भिंगारच्या बाहेर एवढ्या लांबही सायकलने आलो नव्हतो. हे ताईंना ठाऊक आहे. त्यांनी तो विषय एकदाही काढलेला नाही.

नवी ग्रिप चांगली निघाली. हल्ली वळ उठत नाहीत.


रविवार, १४ डिसेंबर

आईची कुरकुर चालू आहे. राइडचा दुसरा दिवस नाताळाच्या आधीचा रविवार आहे. "चर्चमध्ये गाण्याला तू नाहीस, रेबेका नाही. पाळकसाहेबांना मी काय सांगू?" मी म्हणालो, सांग की सायकलवर आहेत. ती म्हणाली, "तेच तर सांगायला लाज वाटते." पण संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू करायला तिनेच घेतले.

अब्राहामदादा भेटले. दोन्ही दिवस ते मंडळाच्या जीपमध्ये असतील, पण जीप फक्त ठरलेल्या थांब्यांवर. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इमू, राग मानू नको. तू फार बडबडतोस. मैदानावर ठीक आहे. घाटात एका बाजूला दरी असणार, आणि तू दगड, खड्डा, कडा, काटा करत राहिलास तर ती अर्धमेली होईल. जे तिला दिसत नाही त्याची भीती कशाला घालायची? मोठं काही असेल तेवढंच सांग. बाकी गप्प चालव, तिला शांत वाटेल."

हे मला पटले. ताई कधी बोलून दाखवत नाहीत, पण माझ्या बोलण्याचा त्रास होतच असेल. सगळ्यांना होतो. इतके दिवस कोणी स्पष्ट सांगितले नाही, दादांनी सांगितले. घाटात गप्प राहायचे ठरवले आहे.


शनिवार, २० डिसेंबर, कोतूळ

हात दुखतो आहे, पण आजचे आजच लिहिलेले बरे.

सकाळी घाटघरला बोटे बधिर करणारी थंडी होती. चाळीसेक सायकली. आमची लांब सायकल बघायला सगळे जमले. कोणीतरी म्हणाले, "याला वळवायला मैदान लागेल." ताई म्हणाल्या, "म्हणूनच मैदानाकडे चाललोय."

निघालो. मी ठरवल्याप्रमाणे गप्प. धरणाच्या कडेने वाट वर-खाली जात होती. शेंडी गावापर्यंत ताईंनी तीन-चार वेळा विचारले, "काय आहे पुढे?" मी म्हणालो, "काही नाही ताई, रस्ता चांगला आहे." राजूरच्या थांब्यावर दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दिलेले केळे ताईंनी अर्धे खाल्ले. मी म्हणालो, दमल्या का? म्हणाल्या, "नाही. खांदे भरून आलेत." चढावर तर त्या नेहमीसारखा जोर लावत होत्या, पण उतारावर सायकल मागून जड वाटत होती, जणू कोणी अंग आखडून बसले आहे. मला वाटले, सामान सरकले असेल. दोनदा थांबून बांधले.

कोतूळच्या अलीकडे आजची शेवटची उतरण. डाव्या हाताला खोल दरी. ती मी सांगितली नाही. मध्येच पाइपलाइनसाठी वाटेवर आडवा चर खणून अर्धवट बुजवला होता. तो मला लांबून दिसला. लहान होता. एवढ्याशासाठी कशाला घाबरवायचे, असे मनात आले आणि मी पेडलवर किंचित उठून तो पार केला. पुढचे चाक गेले. ताई मात्र पूर्ण भार सीटवर टाकून बसलेल्या होत्या. मागचे चाक चरात आपटले, त्या उडाल्या आणि उजव्या अंगावर, डोंगराच्या बाजूला पडल्या. डाव्या अंगावर पडल्या असत्या तर, हे मी लिहीत नाही.

हनुवटी फुटली होती. रक्त गळ्यापर्यंत आले होते. मी रुमाल दाबून धरला. तो सारखा सरकत होता, म्हणून शेवटी त्यांनीच धरला.

"काय होतं?"

"चर होता."

"तुला दिसला होता?"

"दिसला होता."

"मग?"

"लहान होता, ताई."

"लहान कुणाला?"

त्या पुढे म्हणाल्या, "आज सकाळपासून तुला झालंय काय? घाटघरपासून मी विचारतेय, तू म्हणतोस काही नाही. इमू, काही नाही असा रस्ता नसतो. तू गप्प झालास की मला दोन्ही बाजूंना दरीच असते."

मी दादांचे नाव सांगितले नाही. मी म्हणालो, "तुम्हाला शांत वाटावं म्हणून."

"शांत," त्या म्हणाल्या, आणि रस्त्यावर थुंकल्या. थुंकीत रक्त होते.

एवढ्यात वरून शेळ्या उतरल्या आणि त्यांच्या मागे एक म्हातारी. नाव लंकाबाई. तिने आधी चाकाकडे पाहिले, मग ताईंकडे.

"आरं, पाडली व्हय रं बाईला?"

"पडलो आम्ही दोघंही," मी म्हणालो.

"तू तर उभा हायेस." मग ताईंच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. "बया, दिसत न्हाई का तुला?"

"नाही, आजी."

"कवापासनं?"

"तीन वर्षं झाली."

"आन् ह्या पोराच्या भरवशावर ह्या घाटातनं चाललीस?"

"याच्याच."

"घरी कुनी आडवनारं न्हाई?"

"आहेत ना. सगळ्यांना चुकवून आले."

लंकाबाई ताईंच्या शेजारी टेकली. मग कमरेची पिशवी सोडून तिने हळदीची पुडी काढली. "शेळीसाठी हाय, पन मानसाला बी चालती," म्हणत हनुवटीत भरली. मी मागचे चाक काढून तारा आवळत होतो. मला चाक फिरवून धरायला तिसरा हात नव्हता. ताई म्हणाल्या, "इकडे दे." रुमाल लंकाबाईकडे देऊन त्यांनी एका हाताने आस धरला आणि दुसऱ्याचा अंगठा टायरला लावला. चाक फिरताना वाकडे कुठे आहे ते मी नजरेने शोधत होतो. त्या अंगठ्याला टायर कुठे घासते त्यावरून माझ्या आधी सांगत होत्या. "इथे. अजून इथे." सरळ झाले, पूर्ण नाही, पण ब्रेकला लागत नव्हते.

उरलेली उतरण चालत उतरलो. दर पावलाला मी बोलत होतो.

कोतूळला डॉक्टरांनी टाके घातले आणि उद्या सायकल नको म्हणाले. दादाही जीपचे दार उघडून उभे होते. "रेबेका, बस झालं. इथपर्यंत आलीस हेच खूप आहे." खरे लिहायचे तर मला बरे वाटले. डॉक्टरांनी अजून जोरात सांगावे असे वाटत होते. मला उद्या पुन्हा पुढे बसायचे नव्हते. माझ्यामुळे एकदा झाले, तेवढे पुरे.

ताईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग माझ्या बाजूला मान वळवून, ओठ फारसे न हलवता विचारले, "सकाळी उजाडतं किती वाजता?"

मी सांगितले.


सोमवार, २२ डिसेंबर, भिंगार

काल लिहिणे शक्य नव्हते. आवाज अजून नाही, पण लिहायला आवाज लागत नाही.

काल उजाडताच सायकलवर बसण्याआधी मी विचारले, "किती सांगू?"

"सगळं."

"कंटाळा येईल."

"मला येईल तेव्हा मी सांगेन."

मग मी सांगत सुटलो. दगड, खडी, ओलसर माती, बाभळीचा काटा, उसाची ट्रॉली, तिच्यातून लोंबणारा ऊस, कोणत्या उंचीवर लोंबतो ते. उतार, वळण, 'आता उठा', 'आता बसा'. ताईंना तोंड उघडून खाता येत नव्हते. ब्राह्मणवाड्याला दूध आणि त्यात आईचा लाडू कुस्करून प्यायल्या. डोंगर उतरलो तेव्हा मागचे ओझे जाणवत नव्हते. वळणावर मी 'डावीकडे' म्हणायला आणि सायकल डावीकडे कलायला एकच वेळ येत होती. सामान नीट बांधले गेले असावे.

बोटा गावाच्या पुढे सांगण्यासारखे धोके कमी झाले तरी माझे तोंड थांबेना. कांद्याची लागवड चालली होती, तर मी बायका किती ओळींत बसल्या आहेत ते सांगितले. एका शेतात बुजगावण्याला पोलिसाचा शर्ट घातला होता, तेही सांगितले. ताई म्हणाल्या, "टोपी आहे का?" मी म्हणालो, "टोपी नाही, पण काठी आहे." हसताना त्यांचे टाके ओढले, तर "आता हसवू नको" म्हणाल्या. पण गप्प बस म्हणाल्या नाहीत.

टाकळी ढोकेश्वरच्या थांब्यावर दादांनी घड्याळ दाखवले. वेळ कमी होता आणि पुढे समोरचे वारे. सोळा-सतरा जणांनी तिथेच सोडले होते. त्यांत कोणाला टाके पडलेले नव्हते. ताईंनी टोपलीतले एक केळे चाचपून घेतले, सोलून मला दिले आणि म्हणाल्या, "खा. मागचं इंजिन चालू आहे." एवढ्या लागलेल्या बाईने असे बोलावे आणि मी पायाच्या गोळ्याचे रडगाणे सांगावे, हे शोभले नसते. मी सांगितले नाही.

भाळवणीत शिरता शिरता माझा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फुटला, मग नुसती हवा. मी 'खड्डा' म्हणालो आणि काही ऐकू आले नाही. मी घाबरून दोन्ही ब्रेक दाबले. उतरलो. पाणी प्यायलो. काही उपयोग नाही. सूर्य समोर नाही, पाठीमागे होता आणि खाली येत होता. आता संपले, असे मला वाटले. मी त्यांच्या तळहातावर बोटाने लिहायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "थांब. घंटी आहे ना हॅण्डलला?"

मी वाजवली.

"एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. धोका असेल तर वाजवतच राहा. भाळवणी आली का?"

एकदा.

"आता इथून मला सांगायचं नाही. इथून मी सांगते."

हा रस्ता त्यांच्या मुलींच्या रविवारच्या सरावाचा. अकरा वर्षांचा. त्या मागून बोलू लागल्या. "आता उजवीकडे पिठाची गिरणी." एकदा. "गिरणीनंतर रस्ता दबलेला असेल, पाणी साचायचं तिथे." एकदा. "आता चढ. गिअर हलका कर, मुली इथे नेहमी उशीर करायच्या." मी केला. "वर एक लिंबाचं झाड." दोनदा. "नाही? तोडलं?" एकदा. त्या म्हणाल्या, "पुढे चल." नवे गतिरोधक झाले आहेत, तिथे मी घंटी वाजवत राहायचो आणि त्या सीटवरून उठायच्या. जखणगाव गेले. नेप्ती नाक्यावर त्यांनी मला सांगितले की डाव्या लेनला राहा, एसटी आत घुसते. एसटी खरेच घुसली.

मी पुढे होतो, डोळे माझे होते, हे खरे आहे. पण काल शेवटच्या टप्प्यात मी नुसता हो किंवा नाही म्हणत होतो. ट्रक आले तरी उतरलो नाही. उतरायचे लक्षातच आले नाही.

शहरातून छावणीकडे वळलो तेव्हा मैदानाच्या दारात मुली दिसल्या. गणवेशात नाही, रविवार होता. मुख्याध्यापिका धनश्री मॅडम त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. सचिव आले नव्हते. मुली ताईंचे नाव घेऊन ओरडायला लागल्या, म्हणून मी ब्रेक लावून घंटी वाजवत राहिलो, कारण त्या वाटेतच उभ्या होत्या. ताई मागून म्हणाल्या, "बाजूला व्हा गं, लांब गाडी आहे, थांबायला जागा लागते." सगळ्या एका झटक्यात बाजूला झाल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना ताईंनी कधी शिकवलेले नाही.

सूर्य चर्चच्या मनोऱ्याच्या डाव्या बाजूला, पूर्ण दिसत होता. मंडळाच्या माणसाने वेळ लिहिली. मी ती वाकून वाचली आणि ताईंच्या नावातला 'बे' नीट लिहिलेला आहे का तेही पाहिले.

दादा आले आणि आधी बहिणीला नाही, मला जवळ घेतले. मला वाटते गर्दीत चुकून.

घरी आई दारात उभी होती. "चर्चमध्ये सगळे विचारत होते," म्हणाली. मग माझा गळा पाहून गरम पाणी आणायला गेली.


शनिवार, २७ डिसेंबर

नाताळ झाला. ताई करंज्या अजून एका बाजूनेच चावतात.

आज धनश्री मॅडम फराळाला त्यांच्याकडे आल्या होत्या. मी डबा परत द्यायला गेलो होतो म्हणून ऐकले. सचिवांनी होकार दिला आहे. सोमवार, पाच जानेवारीपासून मुलींचा सराव सुरू. त्यांची एकच अट, मैदानावर आणि रस्त्यावर ताईंच्या बरोबर कायम एक डोळस माणूस हवा, आणि त्याला संस्था थोडे मानधनही देईल.

मॅडम म्हणाल्या, "धीट कोणीतरी बघा हं, मुलींची जबाबदारी आहे."

ताई म्हणाल्या, "धीट नको. ती सोय मी केली आहे."

कोणाची केली ते मी विचारले नाही, मोठ्यांच्या बोलण्यात पडणे बरे नव्हे. अब्राहामदादांची सकाळची ड्युटी असते, म्हणजे ते नाहीत. शाळेतलेच कोणी असेल. मला मात्र त्यांनी पाच तारखेला पहाटे साडेपाचला मैदानावर ये म्हणून सांगितले आहे. पंक्चर, हवा वगैरे पाहायला असेल. दुकानाच्या मालकांकडे सकाळची सुट्टी मागावी लागेल. रोजचीच माग, असे ताई म्हणाल्या. तेवढी पंक्चर होतील असे वाटत नाही, पण मागितली.

आज हिशेब पुरा करून ठेवतो.

झालेला खर्च: जुन्या सायकली दोन, ६,५०० रुपये (ताईंनी दिले). टायर, ट्यूब, तारा, २,१४० (निम्मे माझे). ग्रिप, १८०. राइडची फी दोघांची, २,०००. कोतूळचे औषध, ३६०. माझ्या घशाचे औषध आणि खडीसाखर, ११५.

देणे: नृसिंहकाका, वेल्डिंगचे १,८००. घेत नाहीत. म्हणतात, पैसं न्हाई, एकदा मला डोळं बांधून मागं बसव आन् नगरपोतूर ने. तरी रक्कम लिहून ठेवतो. लंकाबाई, हळद. किती धरायचे कळत नाही.

आजचा खर्च: शिट्ट्या, गळ्यात घालायच्या दोरीसह, दोन, ९० रुपये. एक ताईंना दिली. दुसरी पुढे करताच म्हणाल्या, ती तुझ्याकडेच राहू दे. हरवू नये म्हणून असेल. दप्तरात ठेवली आहे.